बाबांच्या नकाशातलं पाणी

शेवटच्या चढाआधी पाठ टेकता येईल असा एक खडक आहे. आम्ही त्याला आईची खुर्ची म्हणायचो. दर फेरीला आई तिथे बसून जाहीर करायची, की आता मी काही वर येत नाही, तुमचं ते पाणी मला बाटलीतून आणून द्या. आणि पाच-दहा मिनिटांनी बघावं तर ती सगळ्यांच्या पुढे. यंदाच्या फाल्गुनात, मध्ये पंचवीस वर्षं घालवून, मी त्या खडकाला पाठ लावली तेव्हा तो नुकता तापायला लागला होता. वास तोच आला. ऊन लागलेला कातळ, पायाखाली चुरलेली सागाची पानं, आणि खालच्या उतारावरून येणारा मोहाच्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास. मला एकदम सपाटून भूक लागली आणि हसू आलं. या वासाला माझ्या पोटात दशमी आणि तिळाची चटणी जोडलेली आहे, ती काही सुटायची नाही.

चार पावलं पुढे शनीबेन थांबल्या होत्या. पायथ्याच्या वस्तीतल्या, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, म्हणजे साठीच्या पुढच्या. सकाळी शाळेपाशी मी वाट विचारली तर म्हणाल्या, "मी निघालेच आहे वर, चालो." त्यांच्या डोक्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा घडा होता. मला वाटलं, शहरातली बाई, हिला तहान लागेल म्हणून घेतला असेल. मी बसले तरी त्यांनी तो उतरवला नाही. एक हात कमरेवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या आणि माझा श्वास जागेवर यायची वाट बघू लागल्या.

मला बाबांनी पाठवलं होतं. बाबांना शहाऐंशीवं लागलंय. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं तरी ते आदल्या दिवशी ठरवतात. बडोद्यातल्या पंधरा-वीस मराठी घरांचं आमचं एक भटकं मंडळ होतं. त्यातल्या नव्या पिढीला बाबांनी हाताने काढलेला या डोंगराचा नकाशा मिळाला, आणि तो मोबाईलवर सगळ्यांसाठी टाकायचं त्यांनी ठरवलं. बाबा खूष झाले. दोन दिवस खूष होते, मग गप्प झाले. त्या नकाशात शिखराजवळ निळ्या शाईने काढलेला एक ठिपका आहे, आणि शेजारी बाबांच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलंय: बारमाही झरा. पाणी उत्तम. बाटल्या रिकाम्या नेल्या तरी चालतील.

"तू एकदा जाऊन ये," बाबा म्हणाले. "मी जाऊन अठरा वर्षं झाली. आटला असेल तर?"

"बाबा, तुमच्या झऱ्याला काय होतंय?"

"आटायला काय लागतं? आता हे मोबाईलवर गेलं की कोण कुठले लोक जातील. माझ्या अक्षरात लिहिलंय, रिकाम्या बाटल्या चालतील. कुणाचं पोर त्या उन्हात तहानेनं पडलं तर? पाणी आहे एवढं डोळ्यांनी बघून ये, बस ने."

त्या झऱ्याचा बाबांना जितका अभिमान होता तितका दुसऱ्या कशाचाच नव्हता, आणि यात मी स्वतःलाही धरते. नोकरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांनी मोजलेले कालवे आखले. हा झरा मात्र त्यांनी स्वतः शोधला होता. तो खोटा ठरला तर, हे वाक्य ते पुरं करत नव्हते. मी रजा टाकली.

हा डोंगर बडोद्याच्या पूर्वेला, छोटा उदेपूरच्याही पुढे आहे. सपाट जमीन बघून बघून कंटाळलेल्या डोळ्यांना तिथे पहिल्यांदा उठाव दिसतो. एकामागे एक डोंगर, काळ्या-तांबूस कातळाचे, आणि त्यांच्या खोबणींतून साग. आमच्या डोंगराला ना किल्ला, ना देऊळ, ना पायऱ्या. पावागडला अख्खं गाव जातं. इथे येणारे आम्हीच. पायथ्याचे लोक त्याला नुसतं डुंगर म्हणत, आणि आम्ही बाबांचा डोंगर.

आमच्या घरात कागदाला मान फार. पणजोबा संस्थानच्या कचेरीत लिहिणारे, आजोबा ते तपासणारे, बाबा पाटबंधाऱ्याच्या कामातले ड्राफ्ट्समन, म्हणजे आखणारे. सहलीला निघतानाही बाबांच्या खिशात वही, पेन्सिल, दोऱ्याचं रीळ आणि कोनमापक असे. आई म्हणायची, "हे मोजून झालं की सांगा, मग आपण मजा करू." तिची तयारी वेगळी. दुधातल्या दशम्या, तिळाची चटणी, जामफळं म्हणजे पेरू, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला टोपरापाक, म्हणजे खोबऱ्याच्या वड्या. जामफळांचा वास पिशवीतून डब्यात, डब्यातून दशम्यांत शिरायचा. आजही मला नुसती दशमी अळणी लागते.

शनिवारी दुपारी प्रतापनगरहून छोटी गाडी सुटायची. ती इतकी सावकाश चालायची की वळणावर मंडळातले काका उतरून, पळसाची फांदी तोडून, मागच्या डब्यात चढायचे. बोडेलीच्या पुढे खिडकीतून येणारी हवा बदलायची. गुळाचा आणि धुळीचा वास मागे पडून जळत्या लाकडांचा, शेणाचा, कच्च्या ताडीचा वास यायचा. मग खडखडणारी बस, मग दोन मैल चाल, आणि दिवस मावळायच्या सुमाराला पायथ्याची शाळा. दोन खोल्या आणि एक ओसरी. ओसरीवर सतरंज्या पडायच्या. स्टोव्हला पंप मारायचा आवाज आणि मग घासलेटात मिसळलेला चहाचा वास. चहा होईपर्यंत आम्ही मुलं ओसरीच्या कठड्यावर ओळीने बसून डोंगराकडे बघायचो.

त्या वेळचं एक दृश्य माझ्या डोळ्यांत जसंच्या तसं आहे. ऊन उतरलेलं, अर्धा डोंगर सावलीत, अर्धा तांब्याच्या रंगाचा. आणि त्या पायवाटेवर तीन-चार बायका, डोक्यावर मातीचे घडे घेऊन, एकीमागे एक वर चाललेल्या. कुणी बोलत नाही, कुणी घाईत नाही. चांदीचे वाळे पायात, त्यांचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. आई हातातलं काम टाकून बघत राहायची. "बघ ग, पाठ कशी सरळ," ती मला म्हणायची, "नाहीतर तू, पाटावर बसलीस तरी वाकतेस." सगळं मंडळ बघायचं. एकदा कुणीतरी फोटोही काढला. बाबांनी वहीत नोंद केली: वरच्या अंगाला वस्ती असावी.

पहाटे निघायचो. सुरुवातीला शेतं, कापून गेलेल्या मक्याची खुंटं पायाला टोचणारी. मग पळस. पौष-माघात ते नुसते काटक्या, पण फाल्गुनातली फेरी असली की सगळा उतार केशरी, आणि पानाचा पत्ता नाही. खाली पडलेली फुलं आई ओच्यात गोळा करायची. घरी ती वाळवून, पाण्यात उकळून, होळीला त्या रंगाने आम्हाला आंघोळ घालायची. त्यांना आम्ही गुजरातीतलाच केसुडा म्हणायचो. केसुड्याच्या ओल्या फुलांना येतो तो हिरवट, तुरट वास माझ्या लेखी होळीचा वास. पळसांनंतर साग, आणि सागानंतर कातळ. तिथून पुढे बोलायचं नाही हा बाबांचा नियम होता. श्वास वाचतो म्हणायचे. खरं कारण वेगळं असावं, कारण त्या कातळावर पाऊल ठेवलं की त्यांचा स्वतःचाच आवाज खाली यायचा.

वर पोचलं की आधी वारा, मग उजेड. चहूकडे डोंगर, जवळचे हिरवे, मागचे निळे, त्यामागचे नुसते धुरासारखे. खाली नदीची वाळू पांढरी लखलखीत. मी पहिल्यांदा वर उभी राहिले तेव्हा सात वर्षांची होते, आणि मला आठवतंय, मी आईचा पदर धरून बसून घेतलं. एवढं सगळं आधीपासून होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, या गोष्टीने मी घाबरून गेले होते.

आणि मग पाणी. शिखराच्या जरा खाली, एका झुकलेल्या कातळाच्या पोटात कुंडी होती. जेमतेम दोन हात लांब, दीड हात खोल. गार, स्वच्छ, तळाचा खडा दिसेल असं पाणी. आजूबाजूला ओलावा नाही, शेवाळ नाही, ओघळ नाही. कोरड्या ठणठणीत दगडात ते पाणी नुसतं असायचं. खाली नदी आटली तरी वर पाणी. बाबा गुडघ्यांवर बसायचे. दोऱ्याला खडा बांधून पाण्यात सोडायचे, भिजलेला दोरा बोटांनी मोजायचे, आकडे पुटपुटायचे, वहीत लिहायचे. मार्गशीर्षात जेवढं, फाल्गुनात जवळजवळ तेवढंच. मग ते आमच्याकडे वळायचे, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मंडळातले थट्टेखोर काकाही गप्प बसत.

"एवढ्या उंचावर, कातळात, पाणी येतं कुठून?" बाबा विचारायचे. मग स्वतःच सांगायचे. त्या पलीकडच्या उंच डोंगरात पडलेला पाऊस जमिनीच्या पोटातून येतो, दाबाने इथे वर चढतो, थेंबथेंब. वर्षानुवर्षं. आपण पितोय तो आपल्या आजोबांच्या काळातला पाऊस असेल.

यानंतर जो पाण्याला हात लावील त्याच्या अंगावर काटा आल्याशिवाय राहायचा नाही. आमची एक रीतच पडून गेली. रांग करायची, लहान आधी, मोठे नंतर. ओंजळीने प्यायचं, डोळे मिटून. आई देवाधर्माच्या भानगडीत फारशी पडणारी नव्हे, पण तीसुद्धा ओला हात डोळ्यांना लावायची. सगळे प्यायले की बाटल्या भरायच्या. एक बाटली घरी देवघरात राहायची, गंगेच्या गडूशेजारी.

कुंडीवर दर वेळी सागाची पानं असायची. मोठी, एकावर एक, आणि वर एखादा चपटा दगड. बाबा ती बाजूला करायचे आणि म्हणायचे, वाऱ्याने काय काय येऊन पडतं बघा. जवळच मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडायचे. मंडळात इतिहास शिकवणारे एक काका होते, त्यांनी ते चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि फार जुनी वस्ती असल्याचं सांगितलं. तीन तुकडे आमच्या शोकेसमध्ये कितीतरी वर्षं कापसावर ठेवलेले होते. पाहुण्यांना दाखवायचे.

आई गेली त्या वर्षीचं मला थोडकंच लिहायचंय. शेवटच्या महिन्यात तिला कशाचीच चव लागेनाशी झाली. एके दिवशी म्हणाली, तुमच्या डोंगरावरचं पाणी प्यावंसं वाटतंय. बाबा अडुसष्ट वर्षांचे होते. कुणाला न सांगता सकाळी निघाले, एकटेच चढले, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन परत आले. आईने दोन चमचे घेतले. "तीच चव," ती म्हणाली, आणि बाबांकडे बघून हसली. त्यानंतर तिने फारसं काही मागितलं नाही.

आईच्या खुर्चीवरून मी उठले. शनीबेन पुढे झाल्या. त्यांचे पाय बघत मी चढत होते. टाच फुटलेली, पाऊल सपाट पडणारं, घड्यातलं पाणी एकदाही डचमळलं नाही. त्या त्यांच्या बाजूच्या गुजरातीत बोलत होत्या, मी बडोद्याच्या. इथे आपल्या भाषेत सांगते.

"शनीबेन," मी धापा टाकत म्हटलं, "वर पाणी आहे ना अजून?"

"आहे ने."

"मग एवढं ओझं कशाला आणलंत?"

त्या थांबल्या. मान न वळवता, कारण घडा होता, सगळ्या अंगानेच माझ्याकडे वळल्या. मी काहीतरी गमतीचं बोलले असावे असा त्यांचा चेहरा झाला.

"बेन, आणलं नाही तर वर पाणी कुठून असणार?"

मला ते कळायला वर पोचावं लागलं. शनीबेननी घडा उतरवला, कुंडीवरचा चपटा दगड उचलला, सागाची पानं एकेक करून बाजूला ठेवली, जशी आपण डब्यातली पोळी उचलतो तशी. पाणी चार बोटं खाली गेलेलं होतं. त्यांनी घडा तिरका केला. दगडाच्या पोटात पाणी पडायचा आवाज झाला, आधी खोल, मग हळूहळू उथळ, आणि पाणी काठाला आलं. पदराने त्यांनी घड्याचं तोंड पुसलं. मी तिथल्या तिथे खाली बसले.

होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत रोज एका घराची पाळी असते, त्यांनी सांगितलं. एरवी गवताला, लाकडाला जो वर येईल तो आणेल. आता शाळेजवळ हातपंप झालाय, डंकी. तेव्हा नदीच्या वाळूत खड्डा करून, वाटीने भरून घ्यावं लागे. त्यांची आजी आणायची, आई आणायची.

"कशासाठी?" मी विचारलं.

"डुंगराला पाजायला नको?" त्या म्हणाल्या. "चौमासात तो आपल्याला पाजतो. पाखरंही पितात. गुराखी पितात." मग जरा थांबून, "तुम्ही बडोद्याचे ने? शाळेत उतरायचे ते?"

मी मान हलवली.

शनीबेन एकदम बसल्याच माझ्यासमोर. डोळे बारीक झाले, तोंडभर हसू. "मी तुम्हाला पाहिलंय! त्या झाडामागून बघायचो आम्ही पोरी. तुमचा एक महाराज होता ने, चष्मेवाला? दोऱ्याला खडा बांधून पाण्यात सोडायचा, मंत्र म्हणायचा. मग सगळे रांगेत, पोरं आधी, डोळे मिटून प्यायचे."

"महाराज नव्हते," मी म्हटलं. "माझे वडील."

"ते महाराज होते?"

"नाही हो. ते मोजत होते."

हे त्यांना पटलं नाही. त्यांनी हाताने उडवून लावलं. "आमची आई म्हणायची, यांचा देव बडोद्यात आहे, पण नवसाला पाणी आपल्या डुंगराचं लागतं. एवढ्या लांबून येतात, पोराबाळांना घेऊन. बिचारे मोठ्या अडचणीत असतील. म्हणून तुम्ही शनिवारी शाळेत उतरलात की आई आणि काकी दिवस मावळता मावळता एक खेप जास्त करायच्या. बडोदेवाल्यांची पूजा आहे उद्या, पाणी कमी पडायला नको."

माझ्या डोळ्यांसमोर ती पायवाट आली. तांब्याच्या रंगाचा उतार, वाळ्यांचा आवाज, सरळ पाठी. ओसरीवर चहाचे पेले हातात धरून आम्ही बघत होतो ते हे होतं. आमच्याचसाठी चाललं होतं आणि आम्ही फोटो काढला होता. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाज थोडा वेळच टिकली. त्या बायकांना आम्ही कोण ते माहीत नव्हतं, आमचा देव कुठला ते माहीत नव्हतं, आम्ही कधी त्यांच्याशी दोन शब्द बोललो नव्हतो. दिवसभर शेतात राबून, त्या आमच्या न केलेल्या नवसासाठी डोंगर चढल्या होत्या. सात वर्षांची असताना इथे उभी राहून मी जशी घाबरले होते तशीच पुन्हा घाबरले. चहूकडे डोंगर तसेच होते, निळ्यामागे निळे, आणि या वेळी मला त्या कुंडीवरून नजर उचलवत नव्हती.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही आम्हाला?"

"पूजेच्या मध्ये कोण बोलतं, बेन?" शनीबेन म्हणाल्या. मग त्यांनी ओंजळीची खूण केली. "घ्या ने. बडोद्याचं माणूस न पिता कसं जाणार?"

मला नको म्हणायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी पुढे झाले, ओंजळभर प्यायले. चव तीच होती. आई म्हणाली होती तशी अगदी तीच.

उतरताना रिकामा घडा मी घेते म्हटलं, तर त्या इतक्या हसल्या की मी पुन्हा म्हटलं नाही.

बडोद्याला पोचेपर्यंत मी ठरवत होते, सांगायचं की नाही. पाणी आहे, काठोकाठ आहे, एवढं सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं. बाबा शांत झाले असते. नकाशा मोबाईलवर गेला असता, आणि पुढच्या रविवारी रिकाम्या बाटल्या घेऊन चाळीस जण वर गेले असते. शनीबेनची पाळी पुन्हा कधी येते ते मी विचारलं नव्हतं.

बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. "आहे?"

"आहे, बाबा. काठोकाठ."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग मी त्यांच्याजवळ बसून बाकीचं सांगितलं. पानांचं, दगडाचं, घड्याचं, पाळीचं. सगळं ऐकून ते चिडले.

"तू नीट बघितलं नाहीस. त्या बायका वरून घालत असतील थोडं, श्रद्धेनं. पण मूळ पाणी झऱ्याचंच. मी मोजलंय. दर खेपेला मोजलंय. भूगर्भातल्या दाबानं..."

"बाबा, तुम्ही रविवारी मोजायचात. त्या शनिवारी भरायच्या."

"आम्ही येणार म्हणून?"

"आपण येणार म्हणून. त्यांना वाटायचं आपला काही नवस आहे."

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याविना त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसतो. "जन्मभर कालवे आखले मी," ते हळू म्हणाले. "पाणी वर चढत नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं?" मग म्हणाले, "म्हणजे हिला मी शेवटी जे पाजलं, तेही कुणीतरी डोक्यावरून नेलेलं होतं."

मी हो म्हटलं. ते माझ्यासमोर रडले, आणि मीही. त्या रात्री जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं.

सकाळी उठून बघते तर बाबा गॅलरीत टेबलाशी बसलेले. पुढे मूळ नकाशा, तो पातळ ट्रेसिंगचा कागद, चार कोपऱ्यांना चार वाट्या. हातात अर्धं ब्लेड. त्या कागदावरची शाई रबराने जात नाही. ब्लेड आडवं धरून, श्वास रोखून, कागद न फाटू देता खरवडावी लागते. मी करते म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाले. 'बारमाही झरा' गेलं. 'रिकाम्या बाटल्या' जायला अर्धा तास लागला. त्या जागी त्यांनी लिहिलं: हे पाणी वस्तीतल्या बायका वाहून आणतात. वर जाणाऱ्याने भरलेले भांडे न्यावे व येथे ओतावे.

अक्षर आता छापल्यासारखं येत नाही. त्यांनी ते वाचून पाहिलं, आणि निळ्या शाईची बाटली पुढे ओढली.

"डंकी शाळेच्या कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला. गेटजवळ."

"आणि वाट तीच? पळसांतून, मग सागातून?"

"तीच, बाबा."

त्यांनी शाळेपाशी निब टेकवलं. तिथून निळी रेघ निघाली, पायवाटेच्या तुटक रेघेवरूनच, शेतांमधून, पळसांमधून. डोंगराची उंची दाखवणाऱ्या पहिल्या रेषेपाशी हात थांबला. मग रेघ ती रेषा ओलांडून वर गेली, मग दुसरी, मग तिसरी. आईच्या खुर्चीपाशी त्यांनी एकदा दम घेतला. शेवटी रेघ कुंडीला जाऊन मिळाली. शिखरावर पोचणारा ओढा.

"नोकरीत असा ओढा काढला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता," बाबा म्हणाले.

कालव्याच्या नकाशावर पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखवायला रेघेशेजारी छोटा बाण काढतात. हजारो बाण काढले असतील बाबांनी, सगळे उताराकडे टोक केलेले. आता त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या निळ्या रेघेशेजारी बाण काढला. टोक डोंगराच्या माथ्याकडे.